डावीकडची खट्

आवाजांच्या बाबतीत मराठी भाषा मोठी श्रीमंत आहे. दार करकरते, भांडी खणखणतात, बैलगाडी कुरकुरते, रिकामा डबा खडखडतो, बिजागरी कचकचते. पण मोटार गॅरेजमध्ये नेली की बहुतेक मालकांची ही श्रीमंती कुठे जाते, कोण जाणे! ‘मिस्त्री, पुढून आवाज येतोय, जरा बघा,’ एवढेच ते सांगतात. मिस्त्री शेजारी बसून चक्कर मारतो, तेव्हा आवाज नेमका गप्प बसतो, दवाखान्याची पायरी चढताच मुलाचा ताप उतरावा तसा. मग मिस्त्री आपल्या अनुभवाने एक पार्ट बदलतो, पंधरा दिवसांनी दुसरा बदलतो आणि बिले जमत जातात.

कोल्हापूरच्या एका घरात अशी बिले चार महिने जमत होती. नवऱ्याचे शेतीपंपांचे दुकान, पत्नीचा घरच्याच मागच्या खोलीत पाच मशिनींवर चालणारा शिवणकामाचा व्यवसाय, दोन मुले आणि सासरे असे हे कुटुंब. हप्ते फेडत घेतलेली जुनी फॉर्च्युनर ही त्यांची गाडी. हे मॉडेल भारतात २००९ मध्ये आले. सेकंडहँड बाजारातही तिला मान आहे आणि कोल्हापुरात तर मोठ्या गाडीचे कौतुक जरा जास्तच! गाडी दारात आली तशी नवऱ्याच्या मनात ती आणखी उंच करण्याची हौस निर्माण झाली. उसाच्या फडापर्यंत जाता येईल, हे घरी सांगितलेले कारण. खरे कारण मित्राची उंच केलेली गाडी, हे पत्नीला न सांगताही समजले होते.

गाडी दोन इंच उंच केली की फक्त स्प्रिंग बदलून भागत नाही. घरोघरच्या लहान गाड्यांत, म्हणजे १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० पासून आजच्या बहुतेक हॅचबॅकपर्यंत, पुढच्या चाकाला खालून एक आर्म आणि वर थेट शॉकअप असतो. इनोव्हा, फॉर्च्युनर, जुनी सुमो अशा गाड्यांची रचना वेगळी आहे. तेथे पुढचे चाक दोन आर्मच्या मध्ये धरलेले असते, एक वर आणि एक खाली. जड परात दोन हातांनी धरावी तसे. गाडी उंच केली की या दोन्ही हातांचे कोन बदलतात आणि चाक थोडे कलते. चाक समोरून पाहिल्यावर सरळ उभे दिसते की वरून आत किंवा बाहेर झुकलेले, त्या कलाला कॅम्बर म्हणतात. तो बिघडला की टायर एकाच कडेने झिजतो. म्हणून गाडी उंच करणारे लोक वरचे मूळ आर्म काढून बाजारात मिळणारे, कमी-जास्त करता येणारे आर्म बसवतात. या आर्मच्या टोकाला जो बॉल जॉइंट असतो तो एका पट्टीवर बसवलेला असतो. पट्टी आत-बाहेर सरकवायची, कॅम्बर जुळवायचा आणि बोल्ट आवळायचे. कल्पना चांगली आहे आणि नीट बसवली तर ती वर्षानुवर्षे कामही देते.

आर्म बसले, गाडी उंच झाली, दुकानासमोर फोटो निघाले. नंतर पंधरा दिवसांनी पत्नी म्हणाली, “अहो, डावीकडून काहीतरी वाजतंय.”

नवऱ्याला काही ऐकू आले नाही. यात त्याचा खोटेपणा नव्हता. चालक उजवीकडे बसतो, त्याचे लक्ष रस्त्यावर असते, इंजिन आणि गाणी दोन्ही सुरू असतात. डाव्या चाकाच्या सर्वांत जवळ पाय असतात ते शेजारी बसणाऱ्या माणसाचे. कित्येक घरांत गाडीचे दुखणे प्रथम पत्नीला कळते ते यामुळे. पण तिला गाडीतले काय कळते, या समजुतीपोटी ते दुखणे तिच्यापाशीच राहते. इथेही तेच घडले. “नवीन पार्ट आहेत, बसायला वेळ लागतो,” असे उत्तर मिळाले. आवाज वाढला तेव्हा ज्याने आर्म बसवले होते त्या दुकानाने स्टॅबिलायझरच्या लिंक रॉड बदलल्या. आवाज जरासा कमी झाल्यासारखा वाटला. मग एक शॉकअप बदलला, पुन्हा कमी झाल्यासारखा वाटला. पैसे खर्च केल्यावर कान थोडे दिवस मालकाच्या बाजूने बोलतात.

दिवाळीत रत्नागिरीला माहेरी जायचे ठरले होते. वाटेत आंबा घाट. निघायच्या आदल्या संध्याकाळी पत्नीने शांतपणे सांगितले, “आवाज सापडल्याशिवाय मी मुलांना घेऊन या गाडीतून घाट उतरणार नाही.” नवरा चिडला. एवढे पैसे ओतले, तीन वेळा गॅरेज झाले, आता आणखी काय करायचे? तिने वाद घातला नाही. सकाळी दोन्ही मुलांना घेऊन ती एस.टी.ने गेली. सासरे मुलापाशी घरी राहिले आणि दोन दिवस दोघांत फारसे बोलणे झाले नाही. ज्या मुलाने हौसेने गाडी सजवली, त्याची बायको तिच्यात बसायला तयार नाही, ही गोष्ट गल्लीत लपणारी नव्हती.

सासऱ्यांनी उभ्या आयुष्यात प्रीमिअर पद्मिनी चालवलेली. त्या गाडीच्या पुढच्या बाजूला ठरावीक दिवसांनी ग्रीसगन घेऊन निपलमध्ये ग्रीस भरावे लागे, नाहीतर ती स्वतःच आठवण करून देई. त्यांनी मुलाला एवढेच विचारले, “ती म्हणते ते नेमके काय वाजते, कधी वाजते, हे तू तिला विचारलेस का?” त्याने विचारले नव्हते.

शिवणकाम करणाऱ्या बाईला यंत्राचा आवाज म्हणजे काय, ते सांगावे लागत नाही. पाच मशिनी एकदम चालू असताना कुठल्या मशिनीची सुई वाकडी झाली आणि कुठल्या मशिनीची बॉबिन केस सैल आहे, हे तिला शेजारच्या खोलीतून समजते. शिवाय मशीन बिघडली की एका वेळी एकच गोष्ट बदलायची, दोन बदलल्या तर कोणती चूक होती ते कधीच कळत नाही, ही सवय तिच्या हातात मुरलेली. रत्नागिरीहून परतल्यावर तिने गिऱ्हाइकांच्या मापांच्या वहीचे मागचे पान काढले आणि आठ दिवस गाडीत बसून ती नोंदी करत राहिली. सकाळी गाडी थंड असताना की उन्हात तापल्यावर? खड्ड्यात की सपाट रस्त्यावर? ब्रेक लावताना की सोडताना? स्टिअरिंग वळवल्यावर की सरळ? एकदा वाजते की सतत?

आठवड्याने पानावर दोन वेगळे आवाज उमटले होते. एक कुरकुर: सकाळी थंडीत, गतिरोधकावरून हळू जाताना, दोन्ही बाजूंनी, दुपारी नाहीसा होणारा. दुसरा खट्: एकदाच, फक्त डावीकडून, ब्रेक लावताना, आणि गाडी मागे घेऊन पुन्हा पुढे काढताना परत एकदा. त्याला ऊन-थंडीशी देणेघेणे नव्हते. शेवटी तिने एक ओळ लिहिली होती: सपाट हायवेवर स्टिअरिंग सोडले तर गाडी उजवीकडे जाते, पूर्वी जात नव्हती.

आतापर्यंत सगळे जण या दोन आवाजांना एकच समजून औषध देत होते. त्यामुळे प्रत्येक उपाय अर्धा लागू पडल्यासारखा वाटत होता.

ते पान घेऊन नवरा शिवाजी उद्यमनगरातल्या एका जुन्या मिस्त्रीकडे गेला. पत्नीही सोबत होती, कारण पान तिचे होते. मिस्त्रींनी गाडीला हात लावण्याआधी पान दोनदा वाचले. “वहिनी, असं लिहून आणणारं गिऱ्हाईक वर्षात एखादंच येतं बघा,” एवढे बोलून त्यांनी कामाला सुरुवात केली.

अनुभवी मिस्त्री आवाजाच्या जातीवरून निम्मी शक्यता आधीच बाद करतो. लहान लहान खड्ड्यांत खडखड होत असेल तर संशय लिंक रॉडवर जातो. खुळखुळ आवाज ब्रेकवर हलका पाय ठेवताच थांबला तर ब्रेक पॅड सैल आहेत. स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी चालवताना टकटक झाली तर अॅक्सलचा सांधा बघायचा. वेगाबरोबर वाढत जाणारी घरघर बहुधा चाकाच्या बेअरिंगची असते. एकटी खट्, तीही जोराची दिशा बदलताना, म्हणजे कुठेतरी दोन घट्ट असायला हव्यात अशा वस्तू एकमेकींवर केसभर सरकतात. पॅडही अशी खट् करतात, म्हणून मिस्त्रींनी आधी तेच तपासले. ते जागेवर घट्ट होते.

कुरकुर सापडायला दहा मिनिटे लागली. साध्या पाण्याची फवारणीची बाटली घेऊन त्यांनी एका वेळी एकाच बुशवर पाणी मारले आणि दोन पोरांना गाडी पुढून दाबायला लावली. वरच्या आर्मच्या आतल्या बुशवर पाणी पडताच त्या बाजूची कुरकुर गप्प झाली. या आर्मना रबराऐवजी पॉलियुरेथेनचे बुश होते. रबराचा बुश स्वतः पिळवटतो आणि परत येतो. पॉलियुरेथेनचा बुश पोलादी नळीवर घासत फिरतो, म्हणून त्याला योग्य ग्रीस लागते. बसवताना ते पुरेसे लावलेच नव्हते. अशा बुशना सिलिकॉनचे ग्रीस लावतात.

इथे आपल्याकडच्या एका जुन्या सवयीविषयी सांगायला हवे. सर्व्हिसिंगनंतर गाडीच्या खालून डिझेल किंवा जळके ऑइल फवारून घ्यायचे, म्हणजे आवाज बंद होतो, असा समज गावोगावी आहे. आवाज चार दिवस बंद होतो हे खरे. पण त्या तेलाने साधे रबर फुगते, मऊ पडते आणि बुश लवकर फाटतात. आवाज दाबण्याच्या नादात दुखणे वाढवण्याचा हा प्रकार आहे. फुकटात मारून देतो म्हटले तरी नको म्हणावे.

बुशच्या बाबतीत आणखी एक चूक फार होते. रबरी बुश असलेला आर्म गाडी उचललेली असताना, चाक लटकत असताना आवळला तर गाडी खाली उतरवताच बुश पिळलेल्या अवस्थेत बसतो. मग तो कायम ताणात राहतो, कुरकुरतो आणि लवकर फाटतो. म्हणून त्याचा शेवटचा आवळा गाडीचे वजन चाकांवर आल्यावरच द्यायचा असतो. गर्दीच्या गॅरेजमध्ये ही पायरी हमखास गाळली जाते, कारण गाडी वर असताना पाना फिरवणे सोपे.

आता राहिली खट्. मिस्त्रींनी नवऱ्याला आवारात चालण्याच्या वेगाने गाडी पुढे नेऊन ब्रेक लावायला सांगितले, मग मागे घेऊन पुन्हा तेच. स्वतः डावीकडे चार हात लांब उभे राहिले. खट् वरून, चाकाच्या माथ्याकडून येत होती. मग गाडी जॅकने उचलून, खाली लोखंडी घोड्या लावून चाक काढले. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली ते पोरांना कधीच जाऊ देत नाहीत आणि घरी हौसेने पाना घेणाऱ्या प्रत्येकाने हा नियम पाळलाच पाहिजे. बॉल जॉइंटचा नट घट्ट होता, स्प्लिट पिन जागेवर होती. वरकरणी सारे ठीक. तेव्हा त्यांनी पांढऱ्या रंगाची बारीक डबी मागवली आणि प्रत्येक बोल्टच्या डोक्यावरून खालच्या धातूपर्यंत एक सरळ रेघ ओढली. बॉल जॉइंटची पट्टी आणि आर्म यांच्यावरूनही एक. “आठ दिवस चालवा, घाटात नेऊ नका, हायवेला जोरात नेऊ नका. मग या,” असे बजावले.

दरम्यान पत्नीने घरी बिलांची फाइल काढली. तिच्यात व्हील अलाइनमेंटचे दोन छापील कागद होते, आर्म बसवले त्या दिवशीचा आणि तीन महिन्यांनंतरचा. दोन्हींवर सगळे हिरव्या-लाल रंगात छापलेले, आणि दोन्ही कोणीही न वाचलेले. पहिल्या कागदावर डाव्या चाकाचा कॅम्बर उणे ०.२ अंश होता, उजव्याचा उणे ०.३. दुसऱ्यावर उजवा तोच, डावा उणे १.१. तीन महिन्यांत डावे चाक वरून आत कलले होते आणि अलाइनमेंटवाल्याने फक्त चाकांची दिशा सरळ करून कागद हाती दिला होता.

या एका आकड्यात गाडी उजवीकडे का जाते, याचेही उत्तर होते. दोन चाकांचा कल सारखा नसला तर गाडी कमी आत झुकलेल्या चाकाच्या बाजूला ओढली जाते. आपल्याकडे गाड्या डावीकडून चालतात आणि पाणी वाहून जावे म्हणून रस्ता बहुधा डाव्या कडेला उतरता असतो. त्यामुळे सरळ गाडी सोडली तर ती थोडी डावीकडे जाणे समजण्यासारखे आहे. उताराविरुद्ध उजवीकडे जाणारी गाडी मात्र काहीतरी सांगत असते.

आठ दिवसांनी रेघा पाहिल्या. बोल्टच्या डोक्यांवरच्या रेघा अखंड होत्या, म्हणजे बोल्ट फिरले नव्हते. पट्टी आणि आर्म यांच्यावरची रेघ तुटली होती आणि तिची दोन टोके एकमेकांपासून जरा सरकली होती. बोल्ट न फिरताही पकड ढिली झाली होती, आणि पट्टी सोडवल्यावर त्याचे कारण डोळ्यांसमोर आले. आर्मला सुंदर लाल पावडर कोटिंग होते, पट्टीखालच्या पृष्ठभागावरसुद्धा. रंगाचा तो जाड थर बोल्टच्या दाबाखाली हळूहळू चेपला गेला. थर जेवढा चेपला, तेवढा बोल्टचा ताण कमी झाला. मग गाडीच्या वजनाने चाक वरून आत ढकलले जाई तसतशी पट्टी आत सरकत गेली आणि ब्रेकच्या प्रत्येक झटक्याला ती खट् करत राहिली. उजव्या बाजूचा रंगही चेपला होता, पण ती पट्टी अजून सरकली नव्हती.

हे काम असेच चालू राहिले असते तर पट्टी शेवटच्या टोकापर्यंत सरकून थांबली असती किंवा सततच्या धक्क्यांनी एखादा बोल्ट तुटला असता. बोल्ट तुटून वरचा सांधा सुटला तर चाक वरच्या बाजूने कोलमडते आणि स्टिअरिंग हातात असूनही उपयोगाचे राहत नाही. मिस्त्रींनी हे सांगितले तेव्हा नवरा पत्नीकडे न पाहता त्या लाल आर्मकडेच पाहत राहिला. आंबा घाटाचे नाव कोणी काढले नाही.

दुरुस्ती मात्र मामुली होती. दोन्ही बाजूंचे आर्म काढून पट्टीखालचा रंग घासून स्वच्छ धातू उघडा केला. बोल्ट आणि नट नवे, त्याच प्रतीचे. आवळताना मिस्त्रींनी अंदाजाचा पाना बाजूला ठेवून टॉर्क रेंच घेतला आणि आर्मसोबत आलेल्या कागदावरचा आकडा लावला. तो कागद गाडीच्या कप्प्यात पाकिटासकट पडून होता. बुशना ग्रीस लागले, रेघा पुन्हा ओढल्या, अलाइनमेंट नव्याने झाले, कारण कॅम्बर हलवला की चाकांची दिशाही बदलते. मजुरी झाली ती आधीच्या एका शॉकअपच्या किमतीच्या जवळपासही नव्हती. बदललेल्या लिंक रॉड आणि शॉकअप, दोन्ही चांगल्या अवस्थेत काढून टाकले गेले होते, हे मिस्त्रींनी विचारल्यावर सांगितले, आपणहून नाही.

सासऱ्यांनी आणखी एक विषय काढला, जो हौसेच्या भरात कोणालाच आठवत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी न जुळणारे बदल वाहनात करता येत नाहीत आणि सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये हीच बाजू उचलून धरली. उंची वाढवलेली गाडी अपघातात सापडली तर विमा कंपनी काय प्रश्न विचारील, याचा विचार आर्म विकत घेताना कोणी केला नव्हता. दुकानदार तर तो करून देणार नाहीच. गाडी पुन्हा मूळ उंचीवर आणावी, असे सासऱ्यांचे म्हणणे आहे. मुलगा ‘बघू’ म्हणतो.

पहिल्या पाचशे किलोमीटरनंतर रेघा पाहिल्या, अखंड होत्या. हजारानंतरही अखंड होत्या. पौषातल्या थंडीत पहाटे दुकानाच्या पुलावरचा गतिरोधक ओलांडताना एक बारीक कुरकुर अजून येते. ती बुशची आहे आणि निरुपद्रवी आहे, हे आता दोघांनाही ओळखू येते. महाशिवरात्रीला चौघे रत्नागिरीला गेले, आंबा घाटातून. निघण्यापूर्वी पत्नीने टॉर्च घेऊन डाव्या चाकामागची रेघ स्वतः पाहिली. गाडीचे मूळ आर्म पोत्यात गुंडाळून माळ्यावर ठेवलेले आहेत. पावसाळ्यापूर्वी ते खाली काढायचे की नाही, यावर घरात अजून बोलणी चालू आहेत.